एका बोटाची वाट

डोंगरावरच्या सायकलवाटांना रंग होते. नवी सायकल घेणाऱ्याला दुकानातच सांगितलं जायचं, वाटेच्या तोंडाशी झाडाला पांढरी चिंधी दिसली तर खुशाल जा, पिवळी दिसली तर आधी कुणाला तरी विचारून घे, आणि लाल दिसली तर घरी सांगून ये.

चिंध्या बांधायचे मास्तर. हे शाळेतले मास्तर नव्हेत, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातले कटिंग मास्तर. टेबलावर कापडाचे थर रचायचे, खडूनं आखायचं आणि कापायचं, यातच त्यांचा जन्म गेला. कारखान्यात कतरणीला तोटा नाही. निघताना मूठभर खिशात कोंबायची, सुट्टीच्या सकाळी सायकल काढायची, आणि कुठली चिंधी उन्हानं विटली, कुठली गुरांनी चघळली ते बघत नवी बांधत जायची. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण डोंगरावर सायकली घेऊन धडपडणारी टोळी वाढली तशी लोकं पडायलाही लागली, आणि कुणीतरी वाटा लावून द्यायला हव्यात असं सगळ्यांचं एकमत झालं. अशा एकमताचं काम शेवटी ज्याच्या खिशात चिंधी असते त्याच्याच गळ्यात पडतं.

मास्तरांचं माप साधं होतं. वाट उतरताना ब्रेकवर एक बोट पुरलं तर पांढरी. दोन बोटं लागली तर पिवळी. सगळी मूठ आवळावी लागली तर लाल. टोळीत शिकलेली माणसं होती. कुणी फोनवर चढाचे आकडे दाखवायचं, कुणी दगडांचे फोटो काढून आणायचं. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, उतरून येतो, बोटं काय म्हणतात बघू. बोटं जे म्हणायची ते झाडाला बांधलं जायचं, आणि त्यात कधी खोट निघाली नव्हती. टाकीची वाट पांढरी, कोरड्या ओढ्याची पिवळी, खाणीची लाल. शेजारचं घर कुणाचं ते जसं विचारावं लागत नाही तसं हे सगळ्यांना पाठ होतं.

बिघाड सुरू झाला तो टाकीच्या वाटेवर. पाण्याच्या टाकीमागून शेवग्याच्या शेंगेसारखी वळत खाली येणारी ती वाट म्हणजे डोंगरावरचा बालवाडीचा वर्ग. मास्तर तिथनं गाणं गुणगुणत उतरायचे. त्या सकाळी खालच्या वळणावर डाव्या हाताचं एक बोट ब्रेकच्या दांड्यावर ठेवलं, दाबलं, आणि सायकल ऐकेना. दुसरं बोट घातलं तेव्हा कुठं ती वळली. मास्तर खाली येऊन थांबले, दांडा दाबून बघितला, चाक फिरवून बघितलं आणि तडक साखळीच्या दुकानात गेले.

साखळी म्हणजे सायकल दुरुस्त करणारा. बोलायला लागला की कडीत कडी अडकवत कुठल्या कुठं जायचा म्हणून हे नाव. त्यानं ब्रेकची केबल बदलली आणि तेवढ्यात आपल्या सासऱ्याच्या गुडघ्यापासून नगरपालिकेच्या नळापर्यंत सगळं बोलून घेतलं. पुढच्या खेपेला मास्तर परत आले. त्यानं ब्रेकपॅड बदलले. मग दांडाच बदलला, नवाकोरा, लोण्यासारखा चालणारा. त्यानंतरही मास्तर दारात उभे राहिले तेव्हा तो म्हणाला की आता ब्रेकला माणूस लावायचा तेवढा राहिलाय. दोघंही हसले. मास्तर जरा जास्तच हसले.

ब्रेकचा दोष नाही म्हटल्यावर दोष वाटेचा. माती वाहून गेली, खालची खडी उघडी पडली, उतार धारदार झाला, असं मास्तरांनी स्वतःला पटवलं. खिशातनं पिवळी कतरण काढली आणि टाकीच्या वाटेची पांढरी चिंधी उतरवली.

कारखान्यात मात्र वाहून जायला माती नव्हती. जाड थर मशीन कापायचं, पण कॉलर आणि कफ मास्तर हातानंच कापायचे. त्यांची मोठी लोखंडी कात्री दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ती कात्री एकाएकी बोथट वाटायला लागली. धारवाल्याकडे धाडली. त्यानं निरोप दिला की याहून धार लावली तर दाढी करता येईल. मास्तर मग दोन्ही हातांनी कात्री धरायला लागले, आणि सुपरवायझर जवळून गेला की एक हात खाली घ्यायचे. तो गेला की परत वर.

हे सगळं मास्तरांनी आधी बघितलेलं होतं, खरी गोम तिथंच होती.

त्यांचा थोरला भाऊ गवंडी होता. हात असा की ओळंबा न लावता भिंत चढवायचा आणि मग लोकांची खात्री पटावी म्हणून ओळंबा लावायचा. त्याच्या हातनं एके दिवशी थापी पडली. हसण्यावारी नेली. मग रोज पडायला लागली. बोटं गेली, मग दंड सुकले, मग मान धरेना, आणि शेवटी शेवटी तर बोलणंही वहिनीलाच काय ते कळायचं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तेव्हा विचारलं होतं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. एक आत्या अंथरुणातच गेली एवढं दोघा भावांना आठवलं. डॉक्टर म्हणाला की काही घरांत हे रक्तातनं उतरतं, सगळ्यांना होतंच असं नाही. ते वाक्य मास्तर जिन्यावरच सोडून आले होते. ते आता पायऱ्या उतरून घरी आलं.

कारण मास्तरांना एक लेक होती. दुसऱ्या शहरात, सासरी, आणि आता पोटुशी. आपल्याला दादाचं दुखणं लागलं असेल तर ते आपल्यावर थांबेल कशावरून? डॉक्टरकडे जायचं म्हणजे तिला सांगायचं, तिला सांगायचं म्हणजे तिच्या पोटातल्यालाही सांगायचं. म्हणून मास्तरांनी डॉक्टरकडे न जाता दुसरीच तपासणी ठरवली. मोरीत उभ्या उभ्या, तोंड धुताना ठरवली. खाणीची वाट दोन बोटांनी उतरायची. मुठीची वाट, ती दोन बोटांनी. उतरलो तर हे दादाचं दुखणं नाही. वय झालं, सराव सुटला, एवढंच. आणि सराव काय, करता येतो.

मग जिवाचा आटापिटा सुरू झाला. कात्री ठेवली की रबरी चेंडू हातात. घरी आले की दाराच्या चौकटीला लटकायचं. जन्मात बादलीला हात न लावलेला माणूस रोजचं धुणं पिळायला लागला. बायको आधी हसली. म्हणाली, इतक्या वर्षांनी का होईना, सुबुद्धी सुचली. नंतर हसायची थांबली. मास्तरांनी पिळून दोरीवर टाकलेल्या चादरीखाली पाण्याचं डबकं साचायचं. ते कामावर गेले की ती चादरी उतरवायची, परत पिळायची, परत वाळत घालायची. यावर ती अवाक्षर बोलली नाही. तिनंही दिरांचं सगळं बघितलं होतं.

वाटाही मास्तरांनी क्रमानं घेतल्या. अवघड उतारासाठी तयारी कशी करायची हे त्यांनीच टोळीला शिकवलेलं होतं, तेच आता स्वतःला शिकवायला बसले. सोप्या वाटेवर हात बसवायचा, मगच पुढची धरायची. नवी वाट आधी पायी उतरायची, सायकल ढकलत, दगड ओळखीचे करून घेत. सीट खाली करायची, चाकातली हवा थोडी कमी करायची, बूड मागं न्यायचं. ब्रेक दगडाच्या अलीकडे मारायचा, दगडावर नाही. जिकडं जायचं तिकडं बघायचं, जिकडं पडायची भीती तिकडं नाही. हे सगळं मास्तर चोख करत होते. पण टाकीची वाट जमली म्हणून ओढ्याची घेतली की टाकीची बिघडायची. ओढ्यात मूठ आवळायला लागली. मास्तरांनी तिथं लाल बांधली. खाणीवर जायच्या आधी मधली एक तरी वाट हाताखाली यावी म्हणून त्यांनी डोंगराच्या पाठीवरच्या गवताळ, अगदी सरळसोट वाटा धुंडाळल्या, आणि एकेक करून त्याही पिवळ्या झाल्या. जितका सराव जास्त तितकी दुसऱ्या दिवशी बोटं मेल्यासारखी. दात घासायचा ब्रश तळहाताच्या आणि अंगठ्याच्या बेचक्यात धरायचे आणि संध्याकाळी चेंडू आणखी जोरात दाबायचे. शिवाय गाठी टिकेनात. बांधलेल्या चिंध्या वाऱ्यानं सुटून झुडपांत अडकलेल्या सापडायला लागल्या. मास्तर म्हणाले, कापडच हल्ली कचकड्याचं येतं.

टोळीत कुजबुज सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी सगळे साखळीच्या दुकानाशी जमायचे. त्यात बँकेतला एक कारकून नव्यानं आला होता. सायकल भारी, हेल्मेट भारी, आणि जीव चिमणीचा. तो बिचारा नियमानं चालणारा. पांढरी असेल तरच जायचा. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, की आता डोंगरावर पांढरी चिंधी एकही नाही, तर मी जायचं कुठं? टाकीच्या वाटेनं माझी सासू पाटी घेऊन उतरेल, ती पिवळी कशी?

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर म्हणाले, माती वाहून गेली. साखळी हातातलं चाक फिरवत होता. तो सहज म्हणाला, "मास्तर, डोंगर म्हातारा झाला, का तुम्ही?"

त्यात खोडसाळपणा नव्हता, त्याच्या बोलण्यात असं रोज पाच-पन्नास वेळा असायचं. पण मास्तरांच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. ते म्हणाले, "रविवारी खाण उतरून दाखवतो. दोन बोटांनी. मग बोला."

दुकानात एकदम उत्साह संचारला. खाणीची वाट टोळीतल्या दोघा-तिघांनीच उतरली होती, आणि त्यातला एक अजून खुर्चीवर बसताना कण्हायचा. कारकुनानं तर मास्तरांचा हात धरून दाबला. मास्तरांनी तो पटकन सोडवून घेतला.

वहिनी शेजारच्याच घरात राहायची. दादा गेल्यापासून तिचं जेवण-खाण या घरात आणि भांडण-तंटा दोन्ही घरांत. तिची जीभ म्हणजे धारवाल्याच्या चाकावरनं उतरलेली. पण गेले काही महिने ती मास्तरांशी गोड बोलत होती, आणि तेच मास्तरांना खुपत होतं. चहा द्यायची तो कानाच्या कपातनं. आधी घरात सगळ्यांना पेले असायचे. दरवाजाची कडी ती आधीच काढून ठेवायची.

शनिवारी दुपारी मास्तर ओट्याशी उभे राहून डाव्या हातानं चेंडू दाबत होते. बायको बाहेर गेली होती. वहिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली की चेंडूनं काय गुन्हा केलाय. मास्तर म्हणाले, उद्याची तयारी. ती म्हणाली, कसली तयारी ते मला सांगायला नको. शर्टाचं वरचं बटण तुम्ही किती दिवसांत लावलेलं नाही, सांगा. मास्तर म्हणाले, उकडतं.

वहिनीनं सुरी खाली ठेवली.

"भावोजी, शेवटची भिंत कुठली बांधली यांनी, ठाऊक आहे?"

मास्तर चेंडू दाबत राहिले.

"पोस्टाच्या मागची. कुणी सांगितलं नव्हतं बांधायला. थापी पडायला लागली होती, तरी मुकादमाशी पैज घेतली आणि एकट्यानं बांधली. का, तर भिंत सरळ आली म्हणजे आपल्याला काही झालेलं नाही. दोन्ही हातांनी थापी धरून बांधली. आली सरळ. आजही उभी आहे, केसाएवढी कललेली नाही. बघून या जाऊन."

"मग?"

"मग काय. भिंत उभी आहे, माणूस नाही."

मास्तरांच्या हातातला चेंडू पडला आणि घरंगळत तिच्या पाटाखाली गेला. तिनं तो काढून दिला नाही. म्हणाली, सोमवारी मी तुमच्याबरोबर येते, कुठं जायचं आणि कुणाला भेटायचं ते मला सगळं माहीत आहे, त्यात तरी माझी वर्षं वाया गेलेली नाहीत. मास्तर म्हणाले, उद्याचं होऊ द्या, उद्या नाही जमलं तर येतो. वहिनी म्हणाली, आणि जमलं तर? जमलं तर जायचं नाही, हेच तर सगळं होतं.

"लेकीला सांगावं लागेल म्हणून ना?" वहिनी म्हणाली. मास्तर सायकलला तेल द्यायला बाहेर निघून गेले.

रविवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं. खाण बंद पडून पिढी उलटली होती. वरच्या कडेवर एक वाकडं झाड, त्याला मास्तरांचीच जुनी लाल चिंधी. तिथनं दगड फोडून नेलेल्या पायऱ्यापायऱ्यांसारखी घसरण, मग खडीचा तिरका पट्टा, मग एक काटकोनी वळण. त्या वळणाच्या पलीकडे काही नाही, खाली हिरवं डबकं. वळण साधलं तर पुढं खाणीचा सपाट तळ. वळणाच्या अलीकडे ब्रेक मारायचा, दोन्ही, बेतानं. एवढीच त्या वाटेची किल्ली.

मास्तर आधी पायी उतरले. टोळी वर बसून बघत होती. प्रत्येक दगडाशी ते थांबले, चाक कुठनं न्यायचं ते बुटाच्या टाचेनं खुणावलं. वळणाच्या अलीकडे एक चपटा पांढरा दगड होता, तिथं बोटं आवळायची असं ठरवलं. खाली जाऊन, कडेच्या पायवाटेनं परत वर आले. सीट खाली केली. हातमोजे घालताना अंगठा शिरेना, तर दातानं ओढला. कारकून म्हणाला, मास्तर, एकदम प्रोफेशनल.

निघाले. पहिल्या पायऱ्या झाल्या, गुडघे मऊ, बूड मागं, सगळं पुस्तकातल्यासारखं. उजव्या हाताची दोन बोटं दांड्यावर, डाव्याची दोन दांड्यावर. खडीच्या पट्ट्यावर चाकं तरंगायला लागली. त्यांनी बोटांना सांगितलं, आता. पांढरा दगड आला. बोटं दांड्यावरच होती, नुसती ठेवलेली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. मूठ आवळून पाहिली. मूठ होईना. पांढरा दगड मागं गेला.

पुढचं मास्तरांनी केलं असं म्हणता येणार नाही. वेग असा होता की विचार करायला जागा नव्हती. अंग आपोआप आत कललं, मागचं चाक कडेवर आपटलं, खडी उडून खाली डबक्यात पडल्याचा आवाज आला, आणि सायकल वळली. कशी वळली ते त्या सायकलला ठाऊक. तळावर आली, लांबवर धावली आणि पलीकडच्या मातीच्या ढिगात तोंड खुपसून थांबली. मास्तर हँडलवर छाती टेकून तसेच उभे राहिले. बोटं अजून दांड्यावरच होती. त्यांनी ती मनगट हलवून खाली पाडली.

वरून टाळ्या, शिट्ट्या. साखळीचा आवाज खाणीत घुमत होता, "ब्रेकच नाही मारला, लेको, बघितलंत का? एक बोट नाही लावलं."

एक क्षण मास्तरांच्या मनात आलं की हे असंच राहू द्यावं. उतरलो ना. सगळ्यांनी बघितलं. भिंत सरळ आली. घरी जावं, आंघोळ करावी, लेकीला फोन करून सांगावं की तुझ्या बापानं आज काय केलं. हा क्षण सायकल ढिगातनं ओढून काढेपर्यंत टिकला.

त्यांनी वर बघितलं. साखळी झाडाशी उभा होता. त्यानं लाल चिंधी उतरवली होती आणि खिशातनं रुमाल काढून त्याची पट्टी फाडून बांधत होता. पांढरी. एक बोट लागलं तर पांढरी, मग इथं तर एकही नाही लागलं, असं तो सगळ्यांना हसत हसत समजावत होता, आणि टोळी हसत होती. फक्त एक जण हसत नव्हता. कारकून. तो मनापासून ऐकत होता. त्याच्या तोंडावर उजेड पडला होता. मास्तरांनी बघितलं की त्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला आणि सायकल कडेच्या दिशेनं वळवली. डोंगरावर अखेर एक पांढरी वाट निघाली होती.

मास्तरांनी सायकल तिथंच टाकली. कडेच्या पायवाटेनं ते असे चढले की छाती फुटायची बाकी राहिली. ओरडायला दम नव्हता. वर पोचले तेव्हा कारकुनाचं पुढचं चाक पहिल्या दगडाला लागलं होतं आणि दोघं-तिघं त्याला चेव देत होते. मास्तर त्याच्या पुढ्यात जाऊन वाटेत आडवे बसले.

"मास्तर, उठा की," कुणीतरी म्हणालं. "एवढं काय. उरकू द्या त्याचं."

मास्तरांनी धापा आवरल्या. "मी ब्रेक मारला," ते म्हणाले.

"कुठं मारलात? आम्ही बघितलं ना."

"मारला. बोटं मिटली नाहीत."

ते उठले आणि झाडाशी गेले. पांढरी पट्टी साखळीनं कचकचून बांधली होती, सायकलवाल्याची गाठ, पान्यानं आवळल्यासारखी. मास्तरांनी नख घातलं. घसरलं. दोन्ही अंगठे लावले. मग वाकून दात लावले. त्यांच्या नाकाला झाडाची साल घासत होती आणि टोळीतलं कुणी हलत नव्हतं. साखळी आधी मास्तर चेष्टा करताहेत असं समजून म्हणाला, असू द्या हो मास्तर, कमाई आहे तुमची. मग तोही गप्प झाला. त्याच्यासारखा माणूस गप्प होतो तेव्हा फार ऐकू येतं.

मास्तरांनी तोंड बाजूला केलं. "सोड," ते म्हणाले. "मला सुटत नाही."

साखळीनं गाठ सोडली. त्याला वेळ लागला नाही. मग तो जमिनीवर पडलेली लाल चिंधी हातात घेऊन उभा राहिला आणि बाकीच्या वाटांचं काय करायचं ते विचारू की नको असं त्याच्या तोंडावर दिसायला लागलं. मास्तरच म्हणाले, उद्यापासून तू उतरून बघ. तुझी किती बोटं लागतात ते बांध. टाकीची पांढरी आहे. ती कायम पांढरीच होती. कारकून सायकलवरनं उतरला होता, त्याचं हेल्मेट त्यानं काढून हातात धरलं होतं आणि त्याला कुणी काही सांगत नव्हतं.

घरी मास्तरांनी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नव्हती, साखळी गावभर मुका हिंडत होता म्हटल्यावर सगळ्यांना कळलंच होतं. संध्याकाळी त्यांनी मोरीत जाऊन धुण्याच्या बादलीकडे बघितलं. चादर आधीच पिळून झाली होती. बायको पाठीमागं उभी होती. म्हणाली, अहो, राहू द्या आता. मास्तर म्हणाले, बरं.

सोमवारी सकाळी बायकोनं शर्टाची बटणं लावून दिली, वरचंसुद्धा. वहिनी दारात पिशवी घेऊन तयारच होती, बायकोही बरोबर निघाली. दवाखान्याच्या वाटेवर वहिनीनं पोस्टाच्या मागनं रिक्षा न्यायला लावली नाही, पण मास्तरांनी त्या बाजूला मान वळवली तेव्हा ती दुसऱ्या बाजूनं बाहेर बघत बसली. लेकीला काय आणि कधी सांगायचं यावर तिघांत वाटेत थोडी वादावादी झाली. बायको म्हणाली, बाळंतपण होऊ द्या. वहिनी म्हणाली, माझ्यापासून लपवलं असतं तर मी कुणाला सोडलं नसतं. मास्तर म्हणाले, आधी डॉक्टर तर बघू द्या, आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात अजून कणभर आशा होती, हे दोघींनाही ऐकू आलं.

डॉक्टर एक तरुण बाई होती, लेकीच्याच वयाची. तिनं कागद बाजूला सारले, स्टूल ओढून मास्तरांच्या पुढ्यात बसली, इकडचं तिकडचं विचारलं. काम काय करता, सायकल चालवता म्हणे, कुठं कुठं जाता. मास्तर सांगत होते. ती ऐकता ऐकता त्यांच्या हातांकडे बघत होती. मग तिनं आपल्या उजव्या हाताची दोन बोटं पुढं केली.

"धरा ही. जोरात दाबा."

मास्तरांनी त्या दोन बोटांकडे बघितलं. मग ती मुठीत घेतली. बूड खुर्चीत मागं नेलं, दात आवळले, खांदा वर आला, मानेची शीर ताठली. खुर्ची करकरली. भिंतीशी बायको आणि वहिनी उभ्या होत्या.

डॉक्टरबाई वाट बघत होती.

"दाबा ना काका," ती म्हणाली.

"दाबलंय," मास्तर म्हणाले.